इटलीत विमान आणि रेल्वेची सांगड घालताना या चुका टाळा

इटलीतलं वेळापत्रक बिघडतं ते बहुतेकदा विमानातून उतरून रेल्वेत बसायच्या मधल्या वेळात. विमान वेळेवर उतरतं, गाडीही वेळेवर सुटते, पण मधल्या तासांचा हिशेब चुकलेला असतो आणि तीन महिने आधी स्वस्तात घेतलेलं तिकीट वाया जातं. म्हणून तो हिशेब आधी नीट मांडू.

उतरल्यावर लगेचची गाडी ठरवणं

मुंबईहून आखाती देशांमार्गे येणारं विमान दुपारी १.१५ ला रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरतं असं धरा, आणि त्याच दिवशी फ्लोरेन्सला पोचायचं आहे. विमानातून बाहेर पडायला १.३५ होतात. मग इमिग्रेशन. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी प्रवेशनोंदणी सुरू झाली आहे. तिच्यात पहिल्यांदा येणाऱ्याच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यामुळे रांगेसाठी तासभर धरायलाच हवा. म्हणजे २.३५. बॅगा घेऊन बाहेर यायला ३. विमानतळाचं रेल्वे स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे. ३.२० च्या सुमाराची लिओनार्दो एक्सप्रेस मिळाली, तर ती ३२ मिनिटांत, म्हणजे चारला थोडं कमी असताना रोमा तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनाला पोचवते. तिथे ती सहसा २३ किंवा २४ नंबरच्या फलाटावर लागते. हे फलाट स्टेशनाच्या एका कडेला आहेत. वेगवान गाड्यांच्या फलाटांकडे बॅगा ओढत जायचं, तिकीट दाखवून आत शिरायचं, यात आणखी दहा-पंधरा मिनिटं जातात.

म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी सव्वाचार. पाचच्या आधीची गाडी ठरवूच नका. विमानाच्या छापील वेळेपासून साडेतीन ते चार तास सोडा, आणि त्या दिवशीचं तिकीट बदलता येणारंच घ्या. त्याहून उत्तम म्हणजे पहिला मुक्काम विमान उतरतं त्याच शहरात ठेवणं. लहान मुलं किंवा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दुसरा विचारच करू नका.

फ्युमिचिनोहून सुटणारी सगळीच लोकल तेर्मिनीला जात नाही, हेही लक्षात ठेवा. एफएल-१ ही लोकल स्वस्त आहे, पण ती त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से आणि तिबुर्तिना या स्टेशनांवरून जाते. हॉटेल त्या भागात असेल तर ती फार सोयीची. पुढची वेगवान गाडी तेर्मिनीहून पकडायची असेल तर मात्र चुकीची.

विमानाच्या थांब्याला पन्नास मिनिटं ठेवणं

फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा झुरिकमार्गे येत असाल तर इमिग्रेशन इटलीत होत नाही. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, पहिलं पाऊल जिथे पडतं तिथेच ते उरकतं. तिकिटाच्या साइटवर पन्नास मिनिटांची जोडणी दिसते आणि कंपनी ती विकतेही, पण त्या पन्नास मिनिटांत पासपोर्टची रांग, काही ठिकाणी पुन्हा सुरक्षा तपासणी आणि लांबचं गेट एवढं सगळं बसवावं लागतं. अशा थांब्याला निदान अडीच तास हवेत. याचा फायदा पुढे मिळतो: इटलीत उतरल्यावर थेट बॅगा घेऊन बाहेर पडता येतं, आणि वरचा साडेतीन-चार तासांचा हिशेब अडीच-तीन तासांवर येतो.

दोन वेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायचा मोह फार जणांना होतो. मुंबई ते इस्तंबूल एक तिकीट, तिथून मिलानला दुसऱ्या कंपनीचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची काहीच जबाबदारी घेत नाही. बॅग बहुतेकदा मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावी लागते, त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, आणि त्या देशाचा व्हिसा नसेल तर सगळंच अडतं. शिवाय इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, शहराच्या दोन बाजूंना. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं तिकीट घेतल्याचं कित्येकांच्या उशिरा लक्षात येतं. सगळा प्रवास एकाच बुकिंग क्रमांकावर असू द्या.

आणखी एक आपल्याकडची नेहमीची चूक. मुंबईहून युरोपकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, ००.४० असं असेल तर घरातून निघायचं ते ११ तारखेला रात्री. इटलीतली हॉटेल आणि गाड्या ठरवताना उतरण्याची तारीख तिकिटावरूनच घ्या, मनाने मोजू नका.

‘मिलान’ म्हणजे कुठलं मिलान?

मिलानच्या नावाने तीन विमानतळ विकले जातात. लिनाते शहरालगत आहे, तिथून मेट्रोची एम-४ लाइन बारा-पंधरा मिनिटांत मध्यवर्ती भागात आणते. मालपेन्सा सुमारे ५० किलोमीटर लांब. तिथून मालपेन्सा एक्सप्रेस मिळते, पण तिच्या काही फेऱ्या कादोर्नाला जातात, काही मिलानो चेंत्राले या मुख्य स्टेशनाला. पुढे व्हेनिसची गाडी असेल तर चेंत्रालेचीच फेरी बघा, आणि तिला पाऊण ते एक तास धरा. बेर्गामोला स्वस्त विमानं उतरतात, तिथून चेंत्रालेला बसने सुमारे तास.

व्हेनिसचंही तसंच. मार्को पोलो हा जवळचा विमानतळ, त्रेव्हिसो लांबचा.

परतीचं विमान उतरलात त्याच शहरातून घ्यायची सक्ती नाही. मिलानला उतरून रोमहून परत, असं तिकीट ‘मल्टी-सिटी’ पर्यायात शोधा. विमानाचं भाडं थोडं जास्त दिसलं तरी रोमहून मिलानला परत यायचे तीन तास, त्या गाडीचं भाडं आणि एक मुक्काम वाचतो. भाड्यांची तुलना हे सगळं मिळवूनच करा.

स्टेशनाचं नाव अर्धवट वाचणं

शोधताना नावं इटालियनमध्येच टाका: फ्लोरेन्ससाठी फिरेन्झे, व्हेनिससाठी व्हेनेत्सिया, नेपल्ससाठी नापोली. मोठ्या शहरांत दोन-तीन स्टेशनं असतात. व्हेनिसचं मेस्त्रे स्टेशन मुख्य भूमीवर आहे, कालव्यांच्या काठी उतरायचं तर सांता लुचिया. दोन्हींत दहा-बारा मिनिटांचंच अंतर, त्यामुळे चूक झालीच तर पुढची लोकल पकडायची. फ्लोरेन्सचं मधलं स्टेशन सांता मारिया नोव्हेला. काही वेगवान गाड्या तिथे न जाता काम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदीला थांबतात. नापोली आफ्रागोला मात्र शहराबाहेर आहे, तिथे उतरलात तर खरोखर अडचण होते. नापोली चेंत्रालेच निवडा.

बोलोन्याला गाडी बदलायची असेल तर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. तिथे वेगवान गाड्यांचे १६ ते १९ नंबरचे फलाट जमिनीखाली खोल आहेत, आणि बाकीच्या गाड्या वर.

फलाटाचा नंबर बऱ्याचदा गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, तुमचं नाही. रोमहून फ्लोरेन्सला जाणारी गाडी फलकावर ‘मिलानो’, ‘तोरिनो’ किंवा ‘व्हेनेत्सिया’ या नावाने दिसेल. म्हणून गाडीचा नंबर पाठ ठेवा. ‘पार्तेन्से’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, ‘बिनारियो’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर. ‘कारोत्सा’ हा डब्याचा नंबर आणि ‘पोस्तो’ सीटचा. हमाल मिळेल असं धरून बॅगा भरू नका. आपली बॅग आपणच उचलून पायऱ्या चढायच्या असतात.

सगळी तिकिटं सारखीच समजणं

वेगवान मार्गावर दोन कंपन्या आहेत, सरकारी त्रेनइतालिया आणि खासगी इतालो. एकीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, दोन्ही गाड्या एकाच फलाटावरून पाठोपाठ सुटत असल्या तरी.

त्रेनइतालियाच्या फ्रेच्चारोस्सा या वेगवान गाडीचं ‘सुपर इकॉनॉमी’ तिकीट सगळ्यांत स्वस्त, पण ते ना बदलता येतं ना परत करता येतं. गाडी चुकली की संपलं, नवं तिकीट काढायचं. ‘बेस’ भाड्याचं तिकीट गाडी सुटण्याआधी बदलता येतं, आणि सुटल्यानंतरही तासाभरात एकदा. म्हणून विमानाच्या दिवशी बेस आणि मधल्या दिवसांत सुपर इकॉनॉमी, अशी वाटणी करा. व्हिसा हातात येईपर्यंत सुपर इकॉनॉमीला हात लावू नका.

आपल्यासारखी प्रतीक्षा यादी तिथे नसते. जागा भरत जातात तसं भाडं वाढतं. ‘रेजोनाले’ म्हणजे साध्या गाड्यांचं तसं नाही. तिथे भाडं अंतरावर ठरलेलं, सीट नंबर नाही, महिनोन् महिने आधी घेऊन काहीही वाचत नाही. पण तिचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवावी लागते. मोबाइलवरच्या तिकिटाला सप्टेंबर २०२५ पर्यंत स्वतः ‘चेक-इन’ करावं लागायचं, आता ते आपोआप होतं. कागदी तिकिटावर तारीख-वेळ उमटवायला विसरलात तर पैसे भरलेले असूनही दंड होतो, आणि तो चुकवण्यासाठी वाद घालून उपयोग नसतो. यंत्र बंद असेल तर चढताच तिकीट तपासनिसाला स्वतः शोधून सांगा.

तिकीट काढताना पैसे अडकत असतील तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का ते बघा. बऱ्याच भारतीय कार्डांवर तो मुळात बंदच असतो.

संपाची तारीख न बघणं

इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, त्यामुळे त्यात फसणं टाळता येतं. शब्द लक्षात ठेवा: ‘शोपेरो’. वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संपांची यादी असते. निघण्याच्या दोन आठवडे आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा बघा. देशव्यापी रेल्वे संप अनेकदा रात्री ९ ते दुसऱ्या दिवशी रात्री ९ असा असतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल चालवाव्याच लागतात. लांब पल्ल्याच्या काही गाड्याही चालू राहतात, त्यांची यादी कंपनी देते. तुमचा प्रवास त्या गाड्यांत बसत नसेल तर संप सुरू होण्याआधीच, आदल्या संध्याकाळी पुढच्या शहरात जा. विमान कर्मचाऱ्यांना २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात संप करता येत नाही, हे उन्हाळ्यात जाणाऱ्यांच्या फायद्याचं.

परतीच्या दिवशी लांबून येणं

परतीच्या दिवशी दुसऱ्या शहरातून रेल्वेने येऊन विमान पकडू नका. गाडी दोन तास उशिरा आली तर रेल्वे तिकिटाच्या निम्मे पैसे मिळतील, विमानाचे नाहीत. शेवटची रात्र विमानाच्याच शहरात काढा. व्हेनिसहून सकाळी लवकरचं विमान असेल तर ती रात्र मेस्त्रेला काढणं सोयीचं. तिथून बस थेट मार्को पोलोला जाते, आणि पहाटे बॅगा घेऊन पूल चढायची किंवा बोटीची वाट बघायची वेळ येत नाही.