‘कॉलेज सोडा’ म्हणणाऱ्या फाउंडरचं कसं ऐकायचं

मागच्या दिवाळीत भाचा म्हणाला, मामा मी डिप्लोमा सोडतोय, डिग्रीला आता काय अर्थ नाही. कुठल्यातरी स्टार्टअपच्या फाउंडरचा तीन तासांचा पॉडकास्ट ऐकून आला होता. ताईचा लगेच फोन, "तू तरी समजाव त्याला." पण समजावणार काय, तो पॉडकास्टवाला अर्धा बरोबरच बोलत होता आणि हीच तर खरी अडचण असते, धडधडीत खोटं बोलणारा सापडतो हो, अर्धं खरं बोलणारा सापडत नाही. म्हणून मग आम्ही दोघं दोनशे पानी वही घेऊन बसलो. तेव्हा जे केलं तेच इथे लिहितोय, कोणाला उपयोग झाला तर बघा.

आधी व्हिडिओ थांबवायचा आणि पानावर तीन रकाने आखायचे. दुखणं, औषध, दुकान. तो जे जे बोलतो ते त्या त्या रकान्यात टाकायचं. "शाळेत घोकंपट्टी चालते" हे दुखणं. "त्यापेक्षा प्रोजेक्ट करून शिका" हे औषध. "आमच्या कोहॉर्टला (म्हणजे बॅचला) ॲडमिशन घ्या" हे दुकान. हे करून बघाच, कारण टाळ्या नेहमी पहिल्या रकान्याला पडतात आणि पैसे तिसऱ्याला जातात, मधला रकाना बऱ्याचदा रिकामाच राहतो. दुखणं तसं जुनंच आहे, इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने १९७१ मध्येच सांगून ठेवलंय की शाळेमुळे आपण सर्टिफिकेटलाच शिक्षण समजायला लागतो. त्यामुळे दुखणं बरोबर ओळखलं म्हणून कोणाला लगेच डॉक्टर मानायचं नाही.

मग बोलणारा स्वतः कुठे शिकला ते शोधा, दोन मिनिटांचं काम. पेपाल काढणाऱ्यांपैकी एक असलेला गुंतवणूकदार पीटर थील २०११ पासून कॉलेज सोडणाऱ्या पोरांना फेलोशिप देतो, सुरुवातीला दोन वर्षांचे एक लाख डॉलर होते. स्वतः मात्र स्टॅनफर्डमधून आधी तत्त्वज्ञान आणि मग कायदा, दोन्ही पूर्ण करून बाहेर पडला. याचा अर्थ तो ढोंगी असा नाही, उलट आतून बघितलेला माणूस जास्त नेमकं बोलू शकतो. पण फेलो कोण होते ते बघा. डिलन फील्ड कॉलेज सोडून त्या पैशावर फिग्मा हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उभारायला लागला, विटालिक बुटेरिनला फेलोशिप मिळाली तेव्हा इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कची कल्पना त्याच्या डोक्यात आधीच तयार होती. म्हणजे चाळणी आधी लागली आणि कॉलेज नंतर सुटलं. आपला गडी त्या चाळणीत बसतो का हा प्रश्न भाच्याला मी विचारला नाही, त्याने स्वतःच वहीत लिहिला. बरं वाटलं.

आता आकड्यांचं. कोणी "इतके लाख विद्यार्थी" म्हटलं की विचारायचं, शेवटपर्यंत टिकले किती? २०११ मध्ये सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विगने स्टॅनफर्डचा एआयचा कोर्स फुकटात ऑनलाइन टाकला, नावं नोंदवली साधारण १ लाख ६० हजार लोकांनी आणि पूर्ण केला सुमारे २३ हजारांनी. २३ हजार हा पण भन्नाट आकडा आहे, कुठल्या वर्गात मावतील एवढे? पण हेडलाइन मोठ्या आकड्याची झाली, त्यातून युडॅसिटी ही ऑनलाइन कोर्सची कंपनी निघाली आणि आता युनिव्हर्सिट्या बंद पडणार वगैरे चर्चा सुरू झाली. मग २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीच्या खऱ्या विद्यार्थ्यांवर युडॅसिटीच्या कोर्सचा प्रयोग केला तर पास होणारे इतके कमी निघाले की तो मध्येच थांबवावा लागला. त्याच वर्षी थ्रनने आपलं प्रॉडक्ट टुकार असल्याचं एका मासिकाला उघड सांगून टाकलं. मला हा माणूस त्यामुळेच आवडतो, पण गंमत अशी की ही कबुली फार कोणी फॉरवर्ड केली नाही.

म्हणून पुढचं काम, पाच वर्षांनी परत जाऊन बघणे. वाट बघायची गरज नाही, जुना दावा घ्यायचा आणि आज काय झालं ते शोधायचं. वेबॅक मशीन नावाची साइट आहे, तिथे कंपनीचा पत्ता टाका, कॅलेंडरवर जुनी तारीख निवडा, त्या दिवशीचं पान उघडतं. "नोकरीची गॅरंटी"चं पुढे "प्लेसमेंट सपोर्ट" आणि मग नुसतं "कम्युनिटी" कसं झालं ते एका रांगेत दिसतं.

शिक्षणावर प्रयोग करणाऱ्या सुगत मित्रांचं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीला भोक पाडून कॉम्प्युटर बसवला, वस्तीतली पोरं शिक्षकाशिवाय तो चालवायला शिकली. सुंदर प्रयोग, मी पण हरखलो होतो. २०१३ मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचं टेड प्राइज मिळालं आणि त्यातून पोरांनी स्वतःच शिकायच्या ज्या लॅब झाल्या त्यातली एक आपल्या फलटणला. पण भिंतीतल्या कॉम्प्युटरवर टीका करणारे अभ्यासकही वाचा. यंत्र बसवलं की संपलं असं नसतं, त्याची निगा कोण राखणार, पोरींना पुढे यायला मिळतं का, आजूबाजूला कोणी मोठं माणूस असतं की नाही, सगळं याच्यावरच अडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर पडायचा दरवाजा. मी स्वतः इथेच आपटलोय. काही वर्षांपूर्वी थोरल्या मुलीसाठी एका ॲपचा कोर्स घेतला. टाय घातलेला पोरगा हॉलमध्ये बसला, टॅबवर चार ॲनिमेशन दाखवली, चहा प्यायला आणि बोलता बोलता सही घेतली. दोन महिन्यांनी मुलगी कंटाळली, बंद करायला गेलो तर कळलं की मी हप्ते भरत नव्हतो, कर्ज फेडत होतो! कर्ज देणारी कंपनी वेगळी, तिला कोर्सशी देणंघेणं नाही. तेव्हा सही करायच्या आधी फक्त "बंद कसं करायचं" एवढंच विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

हीच कसोटी मीडियाला लावा. सबस्टॅक ही ईमेलवर लेख पाठवायची साइट २०१७ मध्ये आली, संपादकाची गरज नाही, थेट वाचकाला लिहा म्हणे, वर्गणीतले दहा टक्के ते घेतात. इथे वाचकांच्या ईमेलची यादी उचलून दुसरीकडे जाता येतं, म्हणजे दरवाजा आहे. फक्त सोशल मीडियावर पेज असेल तर तसं जाता येत नाही. विकिपीडियाचं तर अजून भारी, २००२ मध्ये पुढे जाहिराती येतील अशी शंका आली तर स्पॅनिश मंडळी अख्खा मजकूर घेऊन बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा ज्ञानकोश काढला. लायसन्सच तसं होतं. विकिपीडियावर आजही जाहिरात नाही.

आणि बंडखोर म्हणवणाऱ्याला आत जायचा दरवाजा खरंच बंद होता का हेही बघायचं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढलं, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मूकनायक १९२३ पर्यंत चाललं, मग १९२७ मध्ये बहिष्कृत भारत, १९३० मध्ये जनता, त्याचंच १९५६ मध्ये प्रबुद्ध भारत. एक पेपर बंद पडला की दुसरा. प्रत्येक मुलाखतीत दारावरून हाकलल्याची गोष्ट सांगणाऱ्या, पण पहिल्याच वर्षी फंडिंग मिळालेल्या माणसाशेजारी हे ठेवून बघा.

शेवटचा रकाना मी भाच्याला नंतर वाढवायला लावला, फाउंडर गेल्यावर काय? यासाठी व्हिडिओ नको, शिरूर तालुक्यातलं पाबळ बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएचडी करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन करायचे, १९८३ मध्ये त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि स्वतः तिथेच जाऊन राहिले. शाळेत न रमलेली पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती, जनावरांचं काम हाताने करत शिकतात आणि मग त्यामागचं विज्ञान. एमआयटीने अमेरिकेबाहेर सुरुवातीला ज्या फॅब लॅब (हवी ती वस्तू स्वतः बनवून बघायच्या कार्यशाळा) उभ्या केल्या त्यातली एक इथली. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. हातांनी शिकायचा तोच प्रकार सरकारमान्य शाळांमध्येही गेला, म्हणजे शाळेला शिव्या देऊन न थांबता ते शाळेत शिरले.

भाच्याने डिप्लोमा सोडला नाही, सोडला असता तरी मी फार बोललो नसतो. त्या पॉडकास्टवाल्याच्या कोर्सच्या पानावर मात्र एक काउंटडाउन होतं, ऑफर संपायला १५ मिनिटं. मी म्हटलं रिफ्रेश कर. केलं तर परत १५. तो अजून अधूनमधून ते पान उघडून मला स्क्रीनशॉट पाठवतो, परवाचाच आलाय, अजून पंधराच मिनिटं बाकी आहेत.