सल्लागार, पाच टक्के आणि एक हुकलेला उन्हाळा

आमच्या पिच डेकच्या, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणाच्या, नवव्या स्लाइडवर चार फोटो होते. चौघेही सल्लागार. त्यातल्या दोघांनी आमचं यंत्र आजवर हातात धरलेलं नाही. तिसरे खरंच कामाचे निघाले. चौथ्यांकडे कंपनीचे पाच टक्के शेअर होते, आणि आज लिहायला बसले ती त्यांच्यामुळेच.

आधी यंत्राबद्दल दोन ओळी. आम्ही त्याला नुसतं ‘डबा’ म्हणतो. तो कूलरच्या टबला लागतो. पाणी तळाला गेलं की पंप बंद करतो, नळ चालू राहून टब वाहायला लागला की ओरडतो, आणि सातव्या दिवशी ‘टब कोरडा करा’ म्हणून आठवण देतो, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि साठलेलं स्वच्छ पाणी त्याला फार आवडतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या नागपुरात कूलर नाही असं घर शोधावं लागतं. पाणी वाचावं, वस्तीतल्या घराला परवडावं, हा आमचा हेतू. हेतू असा चांगला असला की सल्लागार फार पटकन मिळतात, आणि तिथेच सावध व्हायला हवं होतं.

हे चौथे म्हणजे आमचे ‘सर’. ते एका स्पर्धेत परीक्षक होते. आमचा दुसरा नंबर आला. मोठ्या नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला गोड, इंग्रजी असं की ऐकत राहावं. धरमपेठेत कॉफी पाजून म्हणाले, “मला फी नको. समाजासाठी काही करायचं राहून गेलंय. थोडा हिस्सा दे, म्हणजे आपलेपणा वाटतो.” मी आणि माझा पार्टनर घरी परतताना गाडीवर अक्षरशः गाणी म्हणत होतो. एवढा मोठा माणूस, आणि पैसे मागत नाही!

फी न मागणारा सल्लागार सगळ्यात महाग पडतो, हे माझं मत आहे आणि ते आता बदलणार नाही.

हा हिशोब नीट बघा, कारण मी इथेच पडले. कंपनीचं भांडवल एक लाख रुपये, म्हणजे दहा रुपयांचे १०,००० शेअर. आम्ही दोघांनी प्रत्येकी २५० शेअर सरांच्या नावावर केले. शेअर दुसऱ्याच्या नावावर करायचा एसएच-४ फॉर्म भरला, मुद्रांक लावला, त्यांनी दर्शनी किमतीने ५,००० रुपये दिले, झालं. सगळे ५०० शेअर पहिल्याच दिवशी. बदल्यात त्यांनी काय करायचं, किती महिने करायचं, नाही केलं तर काय, यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं. ‘विश्वास’ होता. पहिल्या वर्षात सहा बैठका झाल्या. दुसऱ्या वर्षी सर फक्त व्हॉट्सॲपवर सणाच्या शुभेच्छा पाठवत होते.

मग पुण्याचा एक गुंतवणूकदार ४० लाख द्यायला तयार झाला, दहा टक्क्यांच्या बदल्यात. म्हणजे त्याचे पैसे येण्याआधी कंपनीची किंमत ३ कोटी ६० लाख, एका शेअरची ३,६००. सरांचे ५०० शेअर कागदावर १८ लाखांचे झाले. गुंतवणूकदाराने शेअरधारकांची यादी पाहिली आणि साधा प्रश्न विचारला, “हे काय करतात?” मी आणि पार्टनर एकमेकांकडे बघत राहिलो. त्याची अट होती की शेअरधारकांच्या करारावर सगळ्यांच्या सह्या हव्यात आणि काम न करणाऱ्याचा हिस्सा आधी कमी करा. सर म्हणाले, “मग बाजारभावाने विकत घ्या ना.”

चूक त्यांची नव्हती हो, कायद्याने तर अजिबातच नाही. शेअर त्यांचे होते. आम्हीच दिले होते.

आणखी एक खाच. समजा ते मोठ्या मनाने “घे बाई, दहा रुपयांना परत घे” म्हणाले असते, तरी सुटका नव्हती. शेअरच्या रास्त किमतीपेक्षा स्वस्तात शेअर मिळाले आणि फरक ५० हजारांच्या वर गेला, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरला जातो. म्हणजे परत मिळालेल्या शेअरवर कर मलाच. सीएने हे सांगितलं तेव्हा मी त्याच्या ऑफिसातलं पाणी दोनदा मागून प्यायले.

वाटाघाटी सात महिने चालल्या. शेवटी ४०० शेअर आम्ही मधल्या दराने विकत घेतले, त्यात बाबांची एफडी गेली. गुंतवणूकदार थांबला, पण उन्हाळा थांबला नाही. नागपुरात कूलरचा धंदा होळीला उघडतो आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, संपला की मिटतो. डब्यांचं उत्पादन डिसेंबरात सुरू करावं लागतं. आमचे पैसे एप्रिलच्या शेवटी आले.

आता यातून वाट काय. तुकड्यातुकड्याने हिस्सा देण्याला सगळे ‘व्हेस्टिंग’ म्हणतात, तुम्हीही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या फाउंडर इन्स्टिट्यूटचा सल्लागारांसाठी एक तयार नमुना आहे, ‘फास्ट’ नावाचा. त्यात अगदी सुरुवातीच्या कंपनीतसुद्धा सल्लागाराचा हिस्सा पाव टक्का ते एक टक्का, दोन वर्षांत महिन्यामहिन्याने मिळणारा, आणि पहिले तीन महिने कसोटीचे. मी दिले पाच, एका सहीत. पण तो नमुना डाउनलोड करून नाव बदलू नका! आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात स्वेट इक्विटी (कामाच्या मोबदल्यात दिलेले शेअर) फक्त संचालक आणि कर्मचाऱ्यांना देता येते, आणि ईसॉपही (पुढे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) बाहेरच्या सल्लागारासाठी नाही. त्यामुळे इथे बहुतेक जण एकतर सरळ फी ठरवतात, किंवा काम झाल्यावर टप्प्याटप्प्याने रास्त किमतीत शेअर घेऊ देतात, किंवा शेअर न देता ‘कंपनी विकली तर इतके पैसे’ असा करार करतात. कंपनी सेक्रेटरीला एकदा पैसे मोजा. आम्ही वाचवलेली फी आठवली की अजून हसू येतं, आणि ते चांगलं हसू नाही.

सेक्शन ८ ची ना-नफा कंपनी काढा, असंही कोणीतरी सांगेलच. आम्हालाही सांगितलं. तिथे नफा वाटता येत नाही, त्यामुळे गुंतवणूकदार येत नाही. देणगीवर चालायचं असेल तर खुशाल काढा. आम्हाला डबा विकायचा होता.

सर नेहमी म्हणायचे, “आपण भारताचं फेअरफोन होऊ.” मी तेव्हा फक्त मान हलवली. नंतर वाचलं. ॲमस्टरडॅमच्या त्या लोकांनी २०१० मध्ये फोनमधल्या खनिजांबद्दल मोहीम सुरू केली, २०१३ मध्ये कंपनी काढली, आणि पहिला फोन हातात येण्याआधीच ग्राहकांकडून आगाऊ पैसे घेऊन दाखवले. सरांनी मोहिमेचा अर्धा भाग सांगितला होता. विकण्याचा अर्धा भाग सांगणारं माणूस मला नागपुरातल्याच महाल भागात भेटलं.

काकू कूलर भाड्याने देतात. विद्यार्थ्यांच्या खोल्या, लग्नाची घरं, सगळीकडे. मी डबा घेऊन गेले आणि पेंच धरण, पाणीटंचाई, वीज असं सगळं दहा मिनिटं सांगितलं. काकू वाळ्याच्या ताट्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पाणी पोट्टे भरतात, बिल घरमालक भरते. मी कायले पैसे देऊ?” मी गप्प. मग त्यांनी कोपऱ्यातली गोणी पायाने सरकवली. आत जळालेले पंप होते, वीस-पंचवीस तरी. टब कोरडा पडतो, पोरं झोपलेली असतात, पंप तसाच फिरत राहतो आणि जळतो. “हे जळणं थांबवते का तुहा डबा?”

थांबवतो. पहिल्या दिवसापासून थांबवत होता, आम्ही ते माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं! दुसऱ्या आठवड्यात पुढच्या पानावर ‘पंप जळणार नाही’ आलं. पाणी तरीही वाचतंच.

एवढा सल्ला मला दोन वर्षांत कोणी दिला नव्हता. पण घाबरू नका, असे लोक असतात. ते स्पर्धांच्या मंचावर कमी आणि सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स गल्लीत, बुटीबोरी-हिंगण्याच्या शेडमध्ये जास्त असतात. स्लाइडवरचे ते तिसरे तिथलेच. त्यांनी चहाच्या एका कपात सांगितलं की पॉवर अडॅप्टर स्वतः बनवू नको, बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा तयार घे, आणि वायफाय घालणार असशील तर त्याची वेगळी मंजुरी लागते ते आत्ताच बघ. आम्ही वायफाय काढूनच टाकलं. “तुमची ओळख करून देतो” हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. हे वाक्य पहिल्या भेटीत तीनदा आलं तर कॉफीचे पैसे तुम्ही द्या आणि निघा.

तुम्ही माझ्यासारखी सही आधीच करून बसला असाल, तर या महिन्यात बोला. गुंतवणूकदार येण्याआधी. शेअरला भाव लागलेला नसतो तोवर दोघांनाही सोडायला सोपं जातं, करही नगण्य असतो, आणि समोरचा माणूस वाईट नसेल, जो बहुतेकदा नसतो, तर ऐकतोही. मला हे बोलायला लाज वाटत होती. ती लाज बाबांच्या एफडीएवढी पडली.

काकूंशी आता लेखी करार आहे, शेअर नाही, दर हंगामाला ठरलेली रक्कम. “कागद कायले?” म्हणत त्यांनी तो भाच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि एक ओळ खोडायला लावली: महिन्यातून दोन बैठका. “एप्रिल-मेमध्ये मले मरायले फुरसत नसते बाप्पा. तवा तूच दुकानात येत जा, ताट्या बांधता बांधता सांगत जाईन.” करारात तसंच लिहिलंय, ताट्यांसकट.