घर विकायला काढताय? आधी या चुका टाळा

घर विकायचं ठरलं की पहिला फोन पेंटरला जातो आणि माझ्या मते गडबड तिथूनच सुरू होते. रंग मारणं वाईट नाही हो, पण आपल्याला वाटतं की बघायला येणारा माणूस घर किती छान आहे ते बघतोय, आणि तो मात्र यात काय लपवलंय ते शोधत असतो. आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम घालायची म्हटल्यावर कोणीही तेच करणार. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये सेकंडहँड गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं, पुढे २००१ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा संशयापोटी भाव पाडूनच मागतो, अगदी चांगल्या मालालासुद्धा. तेव्हा घर सजवायच्या आधी संशयाच्या जागा शोधा, पैसे तिथे घाला.

ओलीवर रंग

ही सगळ्यात कॉमन चूक आणि सगळ्यात महागात पडणारीसुद्धा. ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी मारून रंग दिला की थोडे दिवस मस्त दिसतं. पण आतलं पाणी बाहेर यायचं थांबत नाही, येताना ते विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं, मग पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साचतात, की झाले फुगे आणि सुटले पोपडे. शिवाय अख्ख्या घरात एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला की समोरचा काय ते समजतो. काही जण तर ओलावा मोजायचं छोटं मीटर घेऊनच येतात.

म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. डाग फक्त पावसात वाढत असेल तर संशय बाहेरच्या भिंतीवर, गच्चीवर नाहीतर खिडकीच्या चौकटीच्या सांध्यावर घ्या. बारा महिने सारखाच असेल तर पाण्याची लाईन किंवा शेजारचं, वरचं बाथरूम बघा. पाण्याला मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करून तासभराने आकडा बघा, पुढे सरकला असेल तर कुठेतरी गळतंय हे नक्की. आणि थंडीत कपाटामागे, कोपऱ्यात काळे ठिपके येत असतील तर बऱ्याचदा ती गळती नसतेच, घरातली वाफ थंड भिंतीवर बसून आलेली बुरशी असते. तिथे वॉटरप्रूफिंगवर पैसे घालून काहीच होणार नाही, कपाट भिंतीपासून थोडं पुढे ओढा आणि हवा खेळती ठेवा. रिपेअर झाल्यावर भिंत नीट सुकू द्या, मगच रंग. बिल आणि कामाचे फोटो जपून ठेवा, "इथे ओल होती, हे काम करून घेतलं" असं स्वतःहून दाखवणाऱ्या मालकावर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

वास

आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. नाकाला एकाच वासाची सवय झाली की मेंदू तो मोजायचंच सोडून देतो. त्यामुळे बाहेरच्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला बोलवा आणि दारात उभं करून विचारा. रूम फ्रेशनरचा मारा तर करूच नका, दारातच तो भपकारा आला की पहिला प्रश्न पडतो की हे काय झाकतायत. बंद असलेल्या घरात गटारासारखा वास येत असेल तर घाबरून प्लंबर बोलवायच्या आधी बाथरूमच्या जाळीत बादलीभर पाणी ओता. तिथल्या ट्रॅपमध्ये साचलेलं पाणी ड्रेनेजचा गॅस अडवून धरतं, घर वापरात नसलं की ते पाणी उडून जातं. एवढंच असतं कित्येकदा. पाणी ओतूनही वास राहिला तर मग बोलवा प्लंबरला.

विकायच्या तोंडावर नवं किचन

नका करू. तुमची आवड घेणाऱ्याची असेलच असं नाही आणि खर्च पूर्ण वसूल होणं अवघड असतं, तो सगळं तोडून आपल्या मनासारखंच करणार. त्याऐवजी टपकणारा नळ, ढिला स्विच, न लागणारी कडी, वाजणारी टाईल हे उरकून घ्या. छोटी गोष्ट सुटलेली दिसली की माणूस न दिसणाऱ्या मोठ्या गोष्टींबद्दल तोच हिशोब लावतो. एकाच खोलीत एक बल्ब पिवळा आणि एक पांढराफटक असेल तर तेही बदला, राहत्या खोल्यांत २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, सगळीकडे सारखे लावा. फोटो दिवसा काढा, पडदे उघडून, पसारा आवरून, आणि फोन आडवा धरून. मोबाईलच्या अल्ट्रावाईडने खोली हॉलएवढी दाखवायचा मोह होतो, पण मग प्रत्यक्षात आल्यावर चेहरे पडतात आणि बाकीचं चांगलंसुद्धा त्यांना लहानच वाटायला लागतं.

भाव

इथे भावना आडवी येते. डॅनियल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये काही प्रयोग छापले, त्यात लोकांना साधे कॉफीचे मग दिले होते, तर ज्यांच्या हातात मग होता ते घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. मगचं हे, मग ज्या घरात पोरं मोठी झाली त्याचं काय होत असेल! जाहिरातीतले आकडे बघून भाव ठरवू नका, ते मागितलेले असतात, मिळालेले नसतात. आसपास तशाच घरांचे खरोखर झालेले व्यवहार बघा. "आधी चढा लावू, मग उतरवू" हेही धोक्याचं, कारण नव्या जाहिरातीकडे लोक सुरुवातीलाच जास्त बघतात आणि नंतर "इतके दिवस पडून आहे म्हणजे काहीतरी लोचा आहे" असं सुरू होतं.

याची उलट बाजूही आहे, एजंट घाई करतो तेव्हा. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन यांनी अमेरिकेतल्या जवळपास १ लाख घरविक्री तपासल्या, २००८ मध्ये तो अभ्यास छापून आला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा साधारण साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि ३.७ टक्के जास्त मिळवतात. तुमच्या घराला थोडा जास्त भाव आला तर त्यातला एजंटच्या वाट्याला चिमूटभरच येतो, मग तो कशाला थांबेल. अजून एक, तीन एजंटांना तीन भाव सांगू नका, एकच घर ऑनलाईन तीन किमतींना दिसलं की घेणारा सगळ्यात खालच्या आकड्यापासूनच बोलायला लागतो.

कुठे अडलंय ते ओळखा

फोनच येत नसतील तर दोष भाव किंवा फोटोंचा, घरात अजून कोणी पाऊलच ठेवलेलं नाही तर सोफा बदलून काय होणार. फोन येतात, लोक बघून जातात आणि गप्प होतात, तर घरातच काहीतरी खटकतंय, वास, ओल, अंधार, नाहीतर तुम्ही स्वतः. हो, मालक मागे मागे फिरून प्रत्येक कपाटाची गोष्ट सांगत असेल तर बघणाऱ्या जोडप्याला आपसात एक वाक्य बोलता येत नाही, तेव्हा दार उघडा, दोन गोष्टी सांगा आणि बाजूला व्हा. आणि बोलणी होऊन ऐनवेळी फिसकटत असेल तर बहुतेक कागद. वारसांपैकी एकाची सही बाकी, कर्ज फिटलंय पण बँकेचा बोजा अजून उतरवलेला नाही, बाल्कनी आत घेतलीय पण मंजूर नकाशात नाही, कागदावरचं क्षेत्रफळ वेगळं. ही कामं महिनोन्‌महिने खातात, म्हणून जाहिरात टाकायच्या आधीच फाईल वकिलाला दाखवा.

जाता जाता, घरातलं काय राहणार आणि काय तुम्ही नेणार याची यादी पहिल्या व्हिजिटच्या आधी करून ठेवा. पंखे, एसी, गीझर, पडद्यांचे रॉड, सगळं लिहा. नेणार असाल ते झुंबर शक्यतो आधीच उतरवून ठेवा, कारण घेणाऱ्याने ते बघूनच घर पसंत केलेलं असतं आणि करारात त्याचा उल्लेख नसला की शेवटच्या आठवड्यात त्यावरून जी वादावादी होते ती झुंबराच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडते.