वनोपचारासाठी पायवाट कशी पारखावी

जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये वनस्नानाची, म्हणजे आरोग्यासाठी जंगलात शांतपणे वेळ घालवण्याची, कल्पना मांडली आणि २००६ पासून तेथे अशा वनोपचारासाठी योग्य वनांना व पायवाटांना रीतसर प्रमाणपत्रे मिळू लागली; नागानो प्रांतातील आकासावाचे हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्षांचे जंगल हे त्याचे ठळक उदाहरण होय.

परीक्षकाने प्रथम वाट स्वतः सावकाश चालून पाहावी. चढ सौम्य आहे का, पावसानंतर मुळांवरून पाय घसरतो का, ठरावीक अंतरावर बाक आहेत का आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते, हे जागच्या जागी नोंदवावे. देखावा कितीही रमणीय असला, तरी रस्त्यावरील वाहनांचा आवाज सतत कानी पडत असेल, तर ती वाट बाद करणेच बरे.

खरी कसोटी शरीरावरील परिणामाची असते. सहभागींचे दोन गट करून एकाला जंगलात व दुसऱ्याला शहरात पाठवावे आणि दुसऱ्या दिवशी त्यांची अदलाबदल करावी, म्हणजे आधी कोण कुठे गेले याचा प्रभाव निकालावर पडत नाही. दोन्ही ठिकाणी चालण्याची वेळ, अंतर व आहार सारखाच ठेवून रक्तदाब, नाडीचे ठोके, हृदयगतीतील चढउतार आणि लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक मोजावे. लाळेचा नमुना ठरलेल्या वेळीच घ्यावा, कारण कॉर्टिसॉल सकाळी मुळातच जास्त असते आणि दिवसभरात उतरत जाते. ही दक्षता न घेतल्यास घड्याळाचे श्रेय जंगलाला मिळते.

प्रमाणपत्र देण्यापूर्वी प्रशिक्षित मार्गदर्शक, निवासाची सोय आणि देखभालीची लेखी जबाबदारी तपासावी. वादळात झाडे पडल्यास फेरतपासणी होईपर्यंत वाट बंद ठेवावी.