दुर्मिळ डच आडनावाचे मूळ आणि आजची संख्या: बडोद्यात बसून शोध कसा घ्यावा

बडोद्यातल्या मराठी माणसाची डच आडनावाशी गाठ पडते ती बहुधा दोन वाटांनी. एक वाट भरूच, सुरत किंवा अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या डच कबरींवरून येते. दुसरी वाट आजची आहे: घरातला मुलगा किंवा मुलगी आइंडहोवनला किंवा डेल्फ्टला जाते, तिकडच्या कुटुंबाशी सोयरीक जुळते आणि व्याह्यांचे आडनाव असे निघते की ते तिथल्या लोकांनीही क्वचितच ऐकलेले असते. दोन्ही प्रसंगी पहिला प्रश्न एकच विचारला जातो, तो म्हणजे या आडनावाचा अर्थ काय. माझा आग्रह असा आहे की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आडनाव धारण करणारी माणसे किती आहेत, ती कोणत्या गावाभोवती दाट आहेत आणि कागदपत्रांत ते नाव मागे कुठपर्यंत जाते, या तीन गोष्टी हाती आल्याशिवाय अर्थाची कोणतीही कथा खरी मानू नये.

आरंभ नावाच्या अक्षरांपासून करावा. आडनाव आजच्या अधिकृत कागदावर जसे आहे तसे, एकही अक्षर न बदलता, रोमन लिपीत उतरवून घ्यावे आणि त्याखाली त्याची संभाव्य जुनी रूपे लिहावीत. 'आय' आणि 'जे' ही जोडी जुन्या दप्तरांत 'वाय' म्हणून येते, दीर्घ 'आ'साठी आज दोन 'ए' लिहितात तिथे पूर्वी 'ए-ई' लिहीत, 'के-एस'च्या जागी 'एक्स' येतो आणि शेवटचा 'जी' हा 'जी-एच' होतो. हा फरक किरकोळ वाटला तरी तो निर्णायक ठरू शकतो. एका 'एस'चे यान्सन हे आडनाव नेदरलँड्समध्ये दूरवर पसरलेले आहे, तर दोन 'एस'चे यान्सन दक्षिणेकडच्या लिम्बुर्ग प्रांतात दाट आढळते.

फान, दे, फान देर, तेर, तेन अशी जी पूर्वपदे असतात, त्यांचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नेदरलँड्समध्ये सूची लावताना ही पूर्वपदे बाजूला ठेवतात, म्हणजे फान देन बेर्ख हे नाव 'बी'खाली सापडते. बेल्जियममध्ये तेच नाव 'व्ही'खाली लावतात. शिवाय 'फान' दिसले की घराणे सरदारी असले पाहिजे, असे समजण्याची चूक आपल्याकडे हमखास होते. जर्मन 'फॉन'शी साम्य असले तरी डच 'फान' केवळ 'अमक्या ठिकाणचा' एवढेच सांगते.

आता संख्येकडे यावे. यासाठीचे मुख्य साधन म्हणजे डच आडनावांची कोशपेढी. ती आम्स्टरडॅमच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूटमध्ये उभी राहिली आणि आता द हेगमधील वंशावळी केंद्राच्या, म्हणजे सीबीजीच्या, संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तिथे नाव टाकले की दोन आकडे मिळतात: एक १९४७ च्या जनगणनेवरून काढलेला आणि दुसरा २००७ च्या लोकसंख्या नोंदवहीवरून. नाव धारण करणारे पाचांपेक्षा कमी असतील तर खासगीपणा जपण्यासाठी नेमका आकडा दाखवत नाहीत, फक्त 'पाचांहून कमी' अशी खूण असते. तुलनेसाठी एवढे ध्यानात असावे की दे योंग या सर्वांत प्रचलित आडनावाची माणसे २००७ मध्ये ८० हजारांहून अधिक होती. ज्या आडनावाची माणसे शंभर-दीडशेच्या आत आहेत ते निःसंशय दुर्मिळ समजावे.

मात्र दोन आकडे शेजारी ठेवून लगेच निष्कर्ष काढू नये. समजा, एखाद्या नावाची माणसे १९४७ मध्ये १०० होती आणि २००७ मध्ये १२० झाली, तर नाव वाढले असे वरवर वाटते. पण त्याच काळात देशाची लोकसंख्या सुमारे ९६ लाखांवरून सुमारे १ कोटी ६४ लाखांवर गेली, म्हणजे ती १.७ पट झाली. नाव देशाबरोबर वाढले असते तर ते १७० च्या आसपास पोचायला हवे होते. १२० म्हणजे प्रत्यक्षात पीछेहाट आहे. कारणे अनेक असू शकतात: मुलीच अधिक झाल्या असतील, काही शाखा निर्वंश झाल्या असतील किंवा दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे गेलेल्या मोठ्या लोंढ्यात हे कुटुंब निघून गेले असेल. एक गोष्ट मात्र हिशेब सोपा करते. डच कायद्यात विवाहित स्त्रीचे अधिकृत आडनाव जन्माचेच राहते. नवऱ्याचे नाव ती वापरू शकते, पण नोंदवहीत तिचे स्वतःचे नाव बदलत नाही. त्यामुळे नोंदवहीवरून काढलेल्या आकड्यात सुना मिसळून फुगवटा येत नाही.

आकड्यापेक्षाही मला नकाशा अधिक बोलका वाटतो. कोशपेढी प्रत्येक नावाचा नगरपालिकावार नकाशा दाखवते आणि तो दोन प्रकारे पाहता येतो: एकूण माणसांच्या संख्येने, आणि त्या गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात. दुसरा प्रकार निवडावा, कारण पहिल्यात आम्स्टरडॅम आणि रॉटरडॅम नेहमीच गडद दिसतात आणि त्यातून काही कळत नाही. प्रमाणाच्या नकाशात एकाच गावाभोवती गडद डाग दिसला तर सारे नावधारक एकाच मूळपुरुषाचे वंशज असण्याची शक्यता बळावते. दूरदूरच्या दोन-तीन जागी डाग असतील तर तेच नाव स्वतंत्रपणे दोन-तीनदा जन्मले असावे, असे गृहीत धरून प्रत्येक शाखेचा माग वेगळा घ्यावा. नावाचा शेवटही प्रदेश सांगतो. डाइकस्त्रा, हुक्स्त्रा यांतला '-स्त्रा' फ्रीसलँडचा, हेसेलिंकसारख्या नावांतला '-इंक' पूर्वेकडच्या ट्वेंटे आणि आख्टरहुक भागांतला, तर यान्से, अड्रियान्से यांतला '-से' झेलँडचा. '-इंक'च्या नावांबाबत विशेष सावधपणा हवा, कारण त्या भागात नाव कुळाला कमी आणि शेतवाडीला अधिक चिकटलेले असे. दुसऱ्याच्या वाडीवर राहायला गेलेला माणूस, मग तो घरजावई का असेना, त्या वाडीचे नाव घेई.

गावावरून पडलेल्या नावांचा मुख्य डाग त्या गावात शोधू नये. उट्रेख्त शहरातल्या माणसाला शेजारी 'उट्रेख्तचा' म्हणून ओळखत नाहीत; तो दुसऱ्या गावी गेला म्हणजे त्याला फान उट्रेख्त म्हणतात. तेव्हा नकाशावरचा डाग कुटुंबाचा मुक्काम सांगतो आणि नाव त्याच्या आधीचा मुक्काम सांगते.

यानंतर कागदपत्रांत उलटे चालावे, आजपासून मागे. नेदरलँड्स १८१० मध्ये फ्रेंच साम्राज्यात सामील केले गेले आणि १८११ मध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी बहुतेक देशभर सुरू झाली. लिम्बुर्गसारख्या भागांत ती त्याच्याही काही वर्षे आधी आलेली होती. या नोंदी लोकांना खुल्या होण्याची मुदत ठरलेली आहे: जन्माची नोंद १०० वर्षांनी, विवाहाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. म्हणून अगदी अलीकडच्या दोन पिढ्यांची माहिती व्याह्यांकडूनच विचारून घ्यावी लागते. पुढचे काम 'व्ही वास व्ही' आणि 'ओपन आर्काइव्ज' या शोधसाधनांवर घरबसल्या होते, तर जुनी डच वर्तमानपत्रे 'डेल्फर'वर वाचता येतात.

माझ्या मते या साऱ्या दप्तरात विवाहनोंदीइतका मोलाचा कागद दुसरा नाही. एकाच पानावर वर-वधूची वये, जन्मगावे, व्यवसाय आणि दोघांच्याही आईवडिलांची नावे येतात, आणि आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावाने येते. नोंदीला जोडलेली पुरवणी कागदपत्रे वेगळ्या पुडक्यात असतात, तीही मागावीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुडक्यांत वराचा सैन्यभरतीचा दाखला सापडू शकतो, आणि त्यात उंची, चेहरा, कपाळ, नाक, डोळ्यांचा रंग असे वर्णन लिहिलेले असते. ज्या काळात छायाचित्र नव्हते त्या काळातल्या शेतमजुराचा चेहरा असा चार ओळींत समोर येतो.

१८११ बद्दल एक लोककथा डच लोकांतही घट्ट रुजलेली आहे: आडनाव नोंदवण्याच्या नेपोलियनच्या हुकुमाची थट्टा म्हणून लोकांनी हास्यास्पद आडनावे घेतली आणि ती कायमची चिकटली. यावर विश्वास ठेवू नये. बहुसंख्य लोकांना त्याआधीच आडनावे होती, आणि नावे स्वीकारण्याच्या ज्या नोंदवह्या फ्रीसलँड, ग्रोनिंगेन अशा उत्तरेकडच्या प्रांतांत झाल्या त्यांतही अनेकांनी वापरातले नावच पक्के केले. 'नाक्तगेबोरेन' म्हणजे 'उघडा जन्मलेला' हे या कथेचे नेहमीचे उदाहरण. परंतु ते नाव १८११ पूर्वीच्या कागदांत आहे, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाचा तो अपभ्रंश असावा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

१८११ च्या मागे गेले की चर्चची दप्तरे येतात: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन. इथे आडनाव अचानक नाहीसे होते आणि 'यान्स्झ.', 'पीटर्स्झ.' अशी टिंब दिलेली रूपे दिसू लागतात. मराठी वाचकाने इथे गोंधळण्याचे कारण नाही, कारण आपण मधले नाव वडिलांचे लावतो तोच हा प्रकार आहे, 'यान्स्झ.' म्हणजे यानचा मुलगा, आणि पुढच्या पिढीत ते बदलते. म्हणून या टप्प्यावर आडनावाचा हात सोडून गाव, साक्षीदार आणि मुलांची नावे यांचा आधार घ्यावा. पहिल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल तिकडेही होती आणि ती इथे फार उपयोगी पडते.

ज्यांचा शोध कबरीवरच्या नावापासून सुरू होतो त्यांना ही पितृनामाची बाब आधीच भेटते. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली, सुरतेस तिची वखार त्याच शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली आणि भरूच, अहमदाबाद येथेही तिची माणसे होती. भरूचच्या वखारीत काम केलेल्या वोलेब्रांट गेलेन्सेन दे योंग या अधिकाऱ्याच्या नावात गेलेन्सेन हे पितृनाम आहे आणि दे योंग हे आडनाव. सूचीत तो 'जी'खालीही सापडू शकतो आणि 'जे'खालीही, आणि त्या काळच्या लेखनात योंगच्या शेवटी 'एच' आहे. सुरतेस पुरलेला हेन्ड्रिक आड्रियान फान रेडे, मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेला आणि १६९१ मध्ये मरण पावलेला, त्याचेही आडनाव 'एच'सह आणि 'एच'विना असे दोन्ही प्रकारे छापलेले आढळते.

भरूच बडोद्याहून रेल्वेने सुमारे सत्तर किलोमीटर आहे, तेव्हा छायाचित्रावर विसंबू नये, स्वतः जावे. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावे, कारण तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दगडावर खडू, तेल किंवा पाणी काहीही लावू नये. अशा कबरी संरक्षित स्मारकांत मोडतात आणि दगड खराब होतो. 'हिर लेय्ट बेग्राफन', म्हणजे 'येथे दफन केले आहे', या ठरावीक शब्दांनंतर नाव, हुद्दा आणि तारीख येते. वाचता न आलेले अक्षर अंदाजाने भरू नये, तिथे टिंब द्यावे. सुरत आणि भरूच जिल्ह्यांचे १८७७ चे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर सोबत वाचावे. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करावी, आणि जालावर त्याची स्कॅन केलेली प्रतही मिळते. मग कंपनीच्या जहाजांच्या पगारपुस्तकांची सूची पाहावी. तिच्यात लाखो खलाशी आणि शिपायांच्या नोंदी त्यांच्या मूळ गावासह आहेत, मात्र त्या मुख्यतः अठराव्या शतकातल्या आहेत. कंपनीच्या नोकरीत जर्मन प्रदेशांतले आणि स्कँडिनेव्हियातले लोकही फार मोठ्या संख्येने होते, त्यामुळे डच कबरीवरचे नाव मुळात डच नसण्याचीही शक्यता धरावी.

दुर्मिळ नावांच्या बाबतीत ही शक्यता सर्वत्रच मोठी असते. १६८५ नंतर फ्रान्समधून आलेले प्रोटेस्टंट, पोर्तुगालहून आलेले ज्यू, जर्मन प्रदेशातल्या वेस्टफालियाचे हंगामी मजूर या सर्वांनी डच नोंदवह्यांत आपली नावे सोडली. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत १८६३ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मुक्त झालेल्यांना दिलेली काही आडनावे मालकांच्या नावांची अक्षरे उलटसुलट करून बनवली होती: दे फ्रीसचे फ्रीस्दे, विल्केन्सचे केन्सविल. १८७३ पासून कलकत्त्याहून सुमारे ३४ हजार करारबद्ध मजूर सुरिनामला गेले आणि त्यांची स्वतःची किंवा वडिलांची नावे पुढे आडनावे झाली. डच लेखनात 'ओ-ई' ही जोडी 'उ' वाचतात, हे ठाऊक असले की परके दिसणारे एखादे 'डच' आडनाव सुखराम किंवा दुर्गा असल्याचे चटकन उमगते. अशा नावासाठी १८११ ची दप्तरे चाळण्यात वेळ घालवू नये. सुरिनामची दप्तरे पाहावीत.

नेदरलँड्सबाहेरची संख्या वेगळी मोजावी लागते. बेल्जियमसाठी तिथल्या आडनावांचे नकाशे उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेची आडनावांची यादी १०० किंवा अधिक माणसे असलेल्या नावांपुरतीच आहे, आणि तिच्यात 'फान देर' बहुधा पुढच्या शब्दाला जोडून लिहिलेले सापडेल. जगभरची संख्या एका फटक्यात सांगणाऱ्या संकेतस्थळांचे आकडे अंदाजाचे असतात. ते दिशा दाखवण्यापुरते वापरावेत. २००७ नंतर काय बदलले हे सांगताना १ जानेवारी २०२४ पासून डच आईवडिलांना मुलाला दोघांचीही आडनावे जोडून देता येतात, याचाही उल्लेख करावा, कारण आईकडून येणारी दुर्मिळ नावे त्यामुळे टिकू शकतात.

एवढे झाल्यावर अर्थाकडे वळावे, आणि तोही सर्वांत जुन्या लेखी रूपावरून लावावा, आजच्या रूपावरून नव्हे. जिथे माग खुंटेल तिथे त्या प्रदेशाच्या अभिलेखागाराला पत्र लिहावे. पत्र लहान असावे: नावाची सर्व रूपे, शेवटची पक्की नोंद, तिचे गाव, वर्ष आणि नोंद क्रमांक, आणि एकच नेमका प्रश्न. साधे इंग्रजी चालते. कबरीबद्दल विचारत असाल तर छायाचित्र आणि तुम्ही केलेले वाचन, टिंबांसह, दोन्ही सोबत जोडावेत.