बेस थांबला पाहिजे: हाऊसची किक आणि बेसलाइन शिकताना

"ताई, तुमचा बेस थांबतच नाही."

म्हापशाजवळच्या एका छोट्या जागेत दुपारच्या साउंडचेकला तिथले ऑपरेटर दादा मला हे म्हणाले. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत मी वाजवायला नेलेल्या ट्रॅकवर तीन महिने बसले होते. खोलीतल्या स्पीकरवर बेस नेहमी कमीच वाटायचा, म्हणून मी तो थोडा थोडा वाढवत गेले होते. इथे मोठ्या सबवर (अगदी खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरवर) तो वाजला आणि ताल ओळखूच येईना, नुसती घरघर. दादांनी मला सबच्या पेटीवर तळवा ठेवायला सांगितला. "मध्ये कुठे हात सुटतोय का बघा." सुटत नव्हता, थरथर अखंड चालू होती. मग त्यांनी त्यांच्याकडचा एक ट्रॅक लावला. ठोका आला, हात मोकळा झाला, बेस आला, पुन्हा मोकळा झाला.

हाऊस, म्हणजे एकसारख्या ठोक्यावरचं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, करायला बसलेल्या नव्या मुलामुलींना मी म्हणून आधी हेच सांगते, की आवाज कुठला घ्यायचा हे नंतर ठरवा, तो किती वेळ टिकतो ते आधी बघा. माझी पहिली दोन वर्षं तयार आवाजांचे सॅम्पल पॅक गोळा करण्यात गेली. त्याऐवजी एकाच किकची, म्हणजे ड्रमच्या खालच्या जाड ठोक्याची, लांबी कमी-जास्त करत बसले असते तर खूप लवकर पुढे गेले असते.

हाऊस शिकागोचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स रेकॉर्ड वाजवायचे, आणि त्या क्लबवरूनच या संगीताला नाव पडलं. पुढे तिथल्या पोरांच्या हाती रोलँडची ड्रम मशिन्स आली: १९८० ची टीआर-८०८ आणि १९८३ ची टीआर-९०९. आजही हाऊसमध्ये जी किक आणि जी हाय-हॅट (ड्रमसेटमधली पायाने मिटणारी झांजांची जोडी) ऐकू येते तिच्यात बहुतेक वेळा ९०९ चं रक्त असतं. त्या मशीनमधली किक सर्किटमधून घडते, हाय-हॅट मात्र खऱ्या झांजांच्या सॅम्पलची आहे. किकला लेव्हल सोडली तर ट्यून (सूर), अटॅक (सुरुवातीची टोच) आणि डिके (आवाज किती वेळ टिकतो) एवढीच तीन बटणं. किकबद्दल जे शिकायचं ते जवळजवळ सगळं त्या तीन बटणांत आहे.

मला स्वतःला किक समजली ती कऱ्हाडजवळच्या आजोळी. माझे मामा भजनी मंडळात पखवाज वाजवतात. भजनाला बसण्याआधी ते डाव्या पुडीवर ओली कणीक लावतात. थोडी लावायची, थाप मारायची, ऐकायचं. आवाज वर राहिला तर आणखी गोळा, फार खाली गेला तर बोटाने थोडी काढायची. पुडीवर वजन वाढलं की ती सावकाश हलते आणि सूर उतरतो. लहानपणी मला तो नुसता खेळ वाटायचा. संगणकावर किक जुळवायला लागल्यावर कळलं की मामा दर वेळी त्या दिवसाच्या पट्टीला धरून खर्ज लावत होते.

किकलाही सूर असतो. ती घडवायची तर एक साधी साइन लहर (उपस्वर नसलेला शुद्ध सूर) घ्या. तिचा सूर अडीचशे हर्ट्झच्या आसपास सुरू करून पन्नासेक मिलिसेकंदांत खाली पन्नासच्या जवळ आणा. ही झपकन होणारी उतरण म्हणजेच ठोका. उतरण फार हळू केली तर लेझरसारखा 'प्यूऊ' आवाज येतो, फार झटपट केली तर नुसती टिचकी उरते. उतरून लहर जिथे स्थिरावते तो किकचा सूर. पाश्चात्त्य स्वरांतला एफ म्हणजे सुमारे ४४ हर्ट्झ, जी ४९, ए ५५. ट्रॅक जी मध्ये असेल तर किकची शेपटी ४९ वर आणून बघा. प्रत्येक वेळी जुळायलाच हवी असं नाही, शेपटी अगदी आखूड असेल तर सूर कळतही नाही. पण लांब शेपटीची किक आणि बेस अर्ध्या सुराने चुकले की पोटात ढवळल्यासारखं होतं, आणि ते कुठल्याही इक्यूने (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) जात नाही.

वरची टोकदार कड हवी असेल तर बंद हाय-हॅटचे पहिले पाच-दहा मिलिसेकंद कापून किकवर ठेवा. तेवढं पुरतं. एकावर एक पाच किका रचायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्या लहरी एकमेकींना खातात आणि शेवटी किक पातळच होते.

आता लांबीचा हिशेब. १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ४८४ मिलिसेकंद असतात. माझ्या त्या ट्रॅकमधली किक जवळजवळ ४५० मिलिसेकंद घुमत होती. म्हणजे बेसला मोकळी जागा किती, तर ३४! त्यावर मी आठव्या मात्रेच्या (अर्ध्या ठोक्याच्या) लांबच लांब नोटा टाकल्या होत्या. पेटीवरचा हात सुटणार तरी कधी? घरी येऊन किकचा डिके २२० वर आणला, बेसच्या नोटा निम्म्या केल्या, आणि आवाजाच्या पातळीला हातही न लावता ट्रॅक मोकळा वाजू लागला.

क्लॅप (टाळीचा आवाज) दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. दोन किकच्या बरोबर मधोमध ओपन हॅट (उघडी हाय-हॅट). तिला आणि बंद हॅटला एकाच चोक ग्रुपमध्ये ठेवा, म्हणजे बंद हॅट वाजताच उघडी थांबेल. खऱ्या झांजेवर पाय पडल्यावर हेच होतं. ओपन हॅट पुढच्या किकच्या आधी संपली पाहिजे. इथेही प्रश्न लांबीचाच.

स्विंगवर मात्र थोडं थांबते, कारण नवख्यांचे ट्रॅक बहुतेक इथेच कोरडे पडतात. सोळाव्या मात्रांच्या (पाव ठोक्यांच्या) जोडीतली दुसरी मात्रा किंचित उशिरा टाकायची, एवढाच स्विंगचा अर्थ. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या पुढेमागे तिस्र जातीचा डोल. हाऊसला मी ५४ ते ५८ मध्ये खेळते. १२४ ला ५६ टक्के स्विंग म्हणजे दुसरी मात्रा साधारण १४ मिलिसेकंद उशिरा. कानाला उशीर म्हणून कळत नाही, मान मात्र हलायला लागते. किक आणि क्लॅप जागच्या जागी ठेवा, डोल हॅट आणि शेकरला द्या.

शेकरसाठी माझा आवडता स्टीलचा छोटा डबा आहे, त्यात दोन मुठी तांदूळ. फोनवरच रेकॉर्ड केला. तो हलवताना लक्ष दिलं तर पुढे जाताना एक आवाज येतो आणि मागे येताना दुसरा, जरा दबका. विकतच्या लूपमध्येही हे असतं, पण स्वतःच्या मनगटाने हलवल्यावर कुठली मात्रा जोरात आणि कुठली हलकी ते हाताला कळतं, आणि मग माउसने व्हेलॉसिटी (प्रत्येक मात्रेचा जोर) भरतानाही ते हाताच्या लक्षात राहतं. रेकॉर्डिंगमधून ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, तिथे फक्त पंख्याची घरघर असते.

मामांच्या मंडळातले टाळही मी हौसेने रेकॉर्ड केले होते. ते वापरता आले नाहीत. टाळाला स्वतःचा ठाम सूर असतो, तो लांब घुमतो आणि माझ्या कॉर्डशी भांडत होता. आपल्या मातीतला आवाज घातला की ट्रॅक आपोआप आपला होतो असं मलाही वाटायचं. आधी तो त्या जागी बसला पाहिजे. शेवटी टाळाचा फक्त आघात ठेवला, मागचा नाद कापला, तेव्हा तो रिमशॉटच्या (ड्रमच्या कडेवरच्या टिचकीच्या) जागी छान बसला.

बेससाठी महागडं काही लागत नाही. वायटल नावाचा सिंथ (सूर घडवणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो. त्यात एक सॉ लहर (उपस्वरांनी भरलेली) घेऊन वरचे सूर कापणारा लो-पास फिल्टर २००-३०० हर्ट्झच्या आसपास लावा, फिल्टरला छोटा एन्व्हलप द्या म्हणजे प्रत्येक नोट 'डव्व' अशी तोंड उघडून मिटेल, आणि खाली एक साइन जोडा. नव्वदच्या दशकातला तो लाकडी, ठोकल्यासारखा ऑर्गन बेस हवा असेल तर कॉर्गचा १९८८ चा एम-१ कीबोर्ड ऐका. ॲसिड या हाऊसच्या प्रकारातली पिळवटणारी बेसलाइन रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथची, आणि इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे: शिकागोत त्या यंत्रातून ॲसिड हाऊस निघण्याच्या काही वर्षं आधी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी हीच ३०३ आणि ८०८ घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते. ते रेकॉर्डिंग ऐका. ३०३ मध्ये एक सूर दुसऱ्यावर कसा घसरतो ते त्यात फार सुंदर कळतं.

सूर कमी ठेवा. दोन-तीन पुरतात. नोटा किकच्या डोक्यावर न टाकता तिच्या मागच्या मोकळ्या जागेत टाका. मग साइडचेन: किक वाजली की कॉम्प्रेसर बेसला दाबतो आणि सोडतो. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १२० ते १५० मिलिसेकंदांपासून सुरू करून कानाने जुळवा. मी पूर्वी लांबीची चूक साइडचेनने झाकायचे, आणि मग सगळा ट्रॅक धापा टाकल्यासारखा वाटायचा. नोटांची लांबी आधी बरोबर करा, साइडचेन अगदी थोडा लागेल. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (दोन्ही स्पीकरमधून सारखं) करा. बेसची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) एकदा उलटी करून ऐका, ज्या बाजूला खालचा भाग भरीव वाटेल ती ठेवा. फोनवर बेस ऐकू येत नसेल तर साइन वाढवू नका. फोनचा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवतच नाही. हलकं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीतपणा) दिलं की १०० आणि १५० वरचे उपस्वर उमटतात आणि त्यांवरून कान खालचा सूर स्वतः भरून घेतो.

राहिला माझ्या खोलीचा प्रश्न. तिथे बेस कमी का वाटायचा, याचा उलगडा टेप घेऊन खोली मोजली तेव्हा झाला. लांबी ११ फूट, म्हणजे ३.३५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत एवढं अंतर असलं की ५१ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींपाशी साचतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. माझा ट्रॅक जी मध्ये, म्हणजे बेस ४९ वर. आणि टेबल छान दिसतं म्हणून मी खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली होती. जिथे तो सूर मरतो नेमकी तिथे बसून मी तीन महिने तो वाढवत होते.

टेबल समोरच्या भिंतीकडे सरकवलं आणि खुर्ची लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर आणली, म्हणजे समोरच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर. त्याच संध्याकाळी बेस सहा डेसिबल खाली आणावा लागला. घरमालकीणबाई फरशी पुसायला सगळं सामान हलवतात, म्हणून खुर्चीच्या पायांखाली पांढऱ्या चिकटपट्टीच्या चार खुणा करून ठेवल्या आहेत.