हो म्हणणारी बाई तपासणीला येते कशी

वस्तीत स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर घेणार असाल, तर गुलाबी रिबिनी आणि बॅनर यांवर पैसे घालू नका. आशाताईंकडे तिशीपुढच्या बायकांची यादी असते, ती मिळवा. तपासायला बाई नर्स हवी आणि दाराला पडदा हवा. एवढं तुम्हाला सांगावं लागू नये.

खरी अडचण पुढे आहे. सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आमच्या पहिल्या शिबिराला ७० जणींनी नावं दिली, आल्या ६. चूक माझीच. वेळ ठेवली सकाळी ११ ची आणि त्या वेळी बायका कारखान्यात विड्या द्यायला गेलेल्या. मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशेबानं, भाषणासाठी ती कोण बुडवणार? आधी विड्या कधी देतात ते विचारा, मग दिवस ठरवा.

घरी जाल तेव्हा उभ्यानं बोलू नका. मांडीवर सूप आणि हातात कात्री असलेल्या बाईजवळ बसा, चार पानं कापून द्या. बाई तेलुगू बोलणारी असेल तर तिची भाषा येणारी शेजारीण सोबत असलेली उत्तम, पुरुष दुभाषी अजिबात नको. मला एक अक्का म्हणाली, “गाठ आहे, पण दुखत नाही. दुखली की येते.” मी ताडकन बोलले, “तोवर उशीर होईल, मरशील!” तिनं दार लावून घेतलं. तेव्हापासून भीती घालणं बंद. आता म्हणते, “दुखत नाही म्हणूनच दाखव. सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. आणि बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.” ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणा. काखेतली गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलेलं बोंड, रक्ताचा स्राव, हेही नाव घेऊन सांगा. लाजलात तर तीही लाजेल.

“मशीन नाही, नुसता हात लावून काय कळतंय?” हेही ऐकाल. मुंबईत टाटा मेमोरियलनं १९९८ पासून २० वर्षं दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षित बायांनी दर दोन वर्षांनी हातानंच तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले.

तपासणी काही मिनिटांची. गाठ लागलीच तर नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका, ती चिठ्ठी डब्यात जाते. सिव्हिलला किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला तुम्हीच सोबत जा. वाटेत सासू म्हणेल, तपासायला गाठीत सुई टोचली की कॅन्सर पसरतो. पसरत नाही. हे डॉक्टरांच्या तोंडून तिच्यासमोरच वदवून घ्या.